साबणाचं पाणी धरून ठेवणारं मशीन : तीन जुन्या टॉप लोडरांचा आठ महिन्यांचा वापर

भिजत घातलेल्या कपड्यांखालून सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या (पुढे नुसतं ‘सेमी’) टबातलं पाणी अर्ध्या तासात चार बोटं उतरलं. ड्रेनची कळ बंद, तरी मोरीत पेन्सिलीएवढी धार. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. एक्स्चेंजचे आठशे. दोष निघाला ड्रेन व्हॉल्वच्या रबरात (असं तेव्हा वाटलं, त्याबद्दल पुढे), आणि ते रबर सांगलीत सुट्या भागांच्या दुकानात साठ रुपयांना मिळतं. साठ रुपयांच्या वस्तूसाठी चालतं मशीन भंगारात काढायला सांगणाऱ्यांचा राग या लिहिण्यात कुठे कुठे दिसेल, तेवढा सोसून घ्या.

तुलना तीन मशीनची आहे. पहिलं दोन टबांचं सेमी, नव्वदच्या दशकातलं. दुसरं मधोमध खांब असलेलं ॲजिटेटरवालं फुल ऑटोमॅटिक, ओढायच्या गोल खटक्याचं. तिसरं तळाशी पल्सेटरची चकती असलेलं, बटणांचं आणि सर्किट बोर्डाचं, सुरुवातीच्या काळातलं फुल ऑटोमॅटिक. तिन्ही सांगलीच्या विश्रामबागेत एकाच इमारतीत, गच्चीवरच्या एकाच टाकीच्या बोअरच्या पाण्यावर, जून ते जानेवारी. त्यामुळे ‘तुमच्याकडचं पाणी वेगळं’ हा वाद इथे उरत नाही. किती किलोचं, किती वॉटचं वगैरे सगळ्यांना ठाऊक असतं, ते सोडतो.

ॲजिटेटर हा अमेरिकी घराण्यातला. मेटॅगने १९२२ मध्ये टबाच्या तळातून वर येणारा ॲजिटेटर बाजारात आणला आणि तिकडे तीच पद्धत रुळली. चकतीची पद्धत जपानमार्गे आपल्याकडे आली. धुण्यातला फरक एका वाक्यात सांगायचा तर खांब कपडा स्वतः ओढतो, चकती पाणी फिरवते आणि पाणी कपडा ओढतं. म्हणून खांबाच्या मशीनमध्ये कॉलर आणि पँटची खालची कड लवकर निघते, पण तलम सुती कापड वर्षभरात विरतं. चकतीत कापड कमी झिजतं, मात्र साडी, ओढणी आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट यांची वेणी पडते. नऊवारी तर दोन्हीत टाकू नये. टाकायचीच असेल तर घडी घालून जाळीच्या पिशवीत.

आता मुख्य गोष्ट, पाण्याचा हिशेब. पंधरा लिटरच्या बादलीने मोजलं. सेमीचा वॉश टब वरच्या खुणेपर्यंत भरायला पावणेतीन बादल्या लागतात, म्हणजे चाळीस लिटरच्या आसपास. याच साबणाच्या पाण्यात तीन घाणे निघतात: आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी आणि कामाचे कपडे. प्रत्येक घाणा ड्रायरमध्ये एक मिनिट फिरवून साबण काढून टाकायचा आणि बाजूला ठेवायचा. तिन्ही झाले की पाणी सोडायचं, टब पुन्हा भरायचा आणि त्याच क्रमाने तिन्ही विसळायचे. मग आणखी एकदा. मधली भर धरून बारा बादल्यांत आठवड्याचं धुणं होतं. ॲजिटेटरला एका चक्राला दहा बादल्या लागल्या, बोर्डवाल्या पल्सेटरला नऊ. तीन घाण्यांना अनुक्रमे तीस आणि सत्तावीस. पावडर सेमीला पहिल्या घाण्याला चार मोठे चमचे आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला एक, ऑटोमॅटिकला दर खेपेला तीन. टँकर मागवणाऱ्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

क्रमात एक सांगलीची अडचण येते. हळदीच्या पेठेत किंवा मार्केट यार्डात काम करणाऱ्यांचे कपडे या सामाईक पाण्यात अजिबात टाकू नका, शेवटच्या घाण्यातही नको. हळदीचा रंग साबणाच्या अल्कलीत लाल होतो आणि चकतीच्या पांढऱ्या प्लास्टिकला असा धरतो की पुढच्या आठवड्यात बनियनवर उतरतो. ते कपडे वेगळ्या बादलीत धुऊन कडक उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन दुपारींत फिकट होतो. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी फवारणीचे कपडे घरच्या मशीनपासून लांबच ठेवावेत. मोरचूद-चुन्याचा निळा डाग दिसतो तरी, औषधाचा अंश दिसतही नाही.

हे सगळं गणित टबातलं पाणी दीड तास जागेवर थांबण्यावर उभं आहे, आणि ते थांबवतो ड्रेन व्हॉल्व. म्हणून त्याबद्दल जरा जास्त.

दोन टबांच्या मधे, तळाशी, प्लास्टिकचा एक कप्पा असतो. वॉश टबाचं पाणी त्यात व्हॉल्वमधून येतं. ड्रायरचं पाणी आणि वरच्या ओव्हरफ्लोचं पाणी व्हॉल्व टाळून सरळ पाइपाला लागतं. (म्हणूनच पाइप वर अडकवून ड्रायर चालवला की ड्रायरच्या तळाला पाणी तुंबतं आणि ड्रम जड फिरतो. मोटर गेली म्हणून मेकॅनिक बोलावण्याआधी पाइप खाली टाकून बघा.) कप्प्यात घंटेच्या आकाराचं रबर, त्यावर स्प्रिंग, आणि रबराला बांधलेली वायर वरच्या कळीपर्यंत. कळ फिरवली की वायर रबर उचलते, सोडली की स्प्रिंग ते खाली दाबते. एवढंच यंत्र.

गळती आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. टब भरा, पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावा आणि तासभर काही न टाकता ठेवा. अर्ध्या बोटाने उतरलं तर जुन्या मशीनला ते माफ. दोन बोटं उतरलं तर उघडा. प्लग काढा, टब रिकामा करा, मागचं पॅनेल सोडवा, कप्प्याचं झाकण डाव्या बाजूला फिरवून काढा. पाव लिटर पाणी सांडतं, खाली पोतं टाका. आत हमखास सापडतात ते केस, ब्लाउजचे हुक, आगपेटीच्या काड्या आणि सेफ्टी पिन. या मशीनमध्ये रबराच्या कडेला पांढऱ्या चुन्याचं कडं जमलं होतं, नखाला खरखरीत लागेल इतकं, आणि त्यातला एक टवका उडालेला. त्या टवक्याच्या फटीतून धार चालली होती. रबर काढल्यावर ज्या प्लास्टिकच्या कडेवर ते बसतं ती कड पॉलिश पेपरने घासू नका, एक चरा पडला की ते कायमचं गळणार. कपभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून फडकं भिजवा, पंधरा मिनिटं कडेवर ठेवा आणि पुसून घ्या. नवं रबर बसवल्यावर मागचं पॅनेल लावण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा. पॅनेल लावून मग बघणारे पुन्हा आठ स्क्रू काढतात.

इथपर्यंत मत असं होतं की रबर दर चार-पाच वर्षांनी बदलावं. आता ते बदललं आहे. नवं रबर घालून पंधरा दिवस झाले आणि पुन्हा धार. रबर स्वच्छ, कड स्वच्छ. खरा गुन्हेगार निघाली वायर. कळ बंद असताना वायरीला तीन-चार मिलिमीटर ढील हवी. वायरीच्या वरच्या टोकाची अडकण सरकून ती ताणलेली राहत होती, त्यामुळे रबर केसभर उचललेलंच. पहिल्या गळतीलाही बहुधा हेच कारण. रबर पूर्ण बसत नव्हतं, पाणी अखंड पाझरत होतं, म्हणून त्याच जागी चुना साठत गेला. अडकण एक घर पुढे घेतली, खर्च शून्य. म्हणजे ते साठ रुपये उगाच गेले. तेव्हा आधी वायर चिमटीत धरून हलवून बघा, लुळी लागली तरच रबराकडे वळा.

फुल ऑटोमॅटिकमध्ये हा त्रास नाही असं नाही. बोर्डवाल्यात रबर उचलायला विजेवरचा ॲक्च्युएटर असतो आणि तो गेला की खर्च हजारांत जातो. साबणाचं पाणी तर दोन्ही फुल ऑटोमॅटिक धरून ठेवतच नाहीत. धुऊन झालं की गटारात. ज्यांच्याकडे नळाला चोवीस तास पाणी आहे त्यांनी हा परिच्छेद विसरावा.

टायमर. तिन्हींत तीन जातींचे आहेत, आणि लाइट जाण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा. सेमीचा टायमर चावीच्या घड्याळासारखा. खटका फिरवताना आतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि पंधरा मिनिटांत उलगडते. लाइट गेली तरी तो टिकटिकत राहतो, त्यामुळे परत आली तेव्हा वेळ संपलेली असते आणि कपडे अर्धवट. हा दोषच, पण निरुपद्रवी. पुन्हा पाच मिनिटं फिरवा. ॲजिटेटरचा टायमर छोट्या सिंक्रोनस मोटरवर (विजेच्या हर्ट्झच्या तालावर चालणाऱ्या) फिरतो. लाइट गेली की जिथल्या तिथे थांबतो आणि आली की तिथूनच पुढे, मधे कुणी यावं लागत नाही. या एका बाबतीत तिन्हींत तोच शहाणा. बोर्डवालं मशीन मात्र सगळं विसरतं आणि पहिल्यापासून पाणी भरायला लागतं, म्हणजे आणखी तीन बादल्या. पहिले दोन्ही टायमर डावीकडे फिरवू नका. आतल्या कॅमचे पत्ते वाकतात आणि मग मशीन एकाच दिशेने घुमत बसतं.

अमेरिकेहून कुणी आणलेलं मशीन स्वस्तात मिळत असेल तर एक ध्यानात ठेवा. ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे १२० व्होल्ट होतात, पण ५० हर्ट्झचे ६० होत नाहीत. मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि दहा मिनिटांचा टायमर बारा मिनिटं घेतो.

ड्रायरमध्ये सेमीला तोड नाही. ॲजिटेटरच्या मोठ्या टबाला आधी पहिला नंबर दिला होता, कारण त्यात चादर वेगळी काढून टाकावी लागत नाही. पावसाळ्याने तो नंबर काढून घेतला. भाजीच्या काट्यावर वजन केलं: कोरडा टॉवेल ५०० ग्रॅम, सेमीच्या ड्रायरमधून निघाल्यावर ८००, ॲजिटेटरमधून ९५०. कारण सरळ आहे. पाणी फेकणारा जोर ड्रमच्या त्रिज्येच्या पटीत वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. सेमीचा ड्रम २३ सेंटिमीटर व्यासाचा आणि मिनिटाला १३५० फेऱ्यांचा, जोर गुरुत्वाच्या सव्वादोनशे पटींच्या पुढे. ॲजिटेटरचा टब अर्ध्या मीटर व्यासाचा पण ६०० फेऱ्यांचा, जोर जेमतेम शंभर पट. जुलैत घरात दोरीवर वाळणाऱ्या शाळेच्या युनिफॉर्मला त्या दीडशे ग्रॅमचा वास येतो.

ड्रायर भरताना जड कपडे तळाशी गोल लावा, वर ती भोकांची चकती दाबून बसवा. तरी धडधडला तर खालच्या तीन स्प्रिंगांपैकी एक बसली आहे. बदलताना तिन्ही बदला. झाकण उघडल्यावर ड्रम दहा सेकंदांच्या आत थांबला पाहिजे. नाही थांबला तर ब्रेकची केबल सैल झाली आहे किंवा ब्रेकची पट्टी झिजली आहे, आणि घरात लहान मूल असेल तर ती दुरुस्ती होईपर्यंत ड्रायरचा प्लग काढून ठेवा. शाफ्टभोवतीचं रबरी सील हा यातला लपलेला शत्रू. ते फाटलं की थेंब थेंब पाणी खाली स्पिन मोटरवर पडतं, बुश गंजतं, आधी किर्र आवाज, मग नुसती घुमघुम. सील स्वस्त, मोटर महाग. ड्रायरखाली फरशीवर गंजाचा तांबूस डाग दिसला की त्याच आठवड्यात उघडा.

नुसती घुमघुम आणि चकती फिरत नाही, पण हाताने ढकललं की फिरायला लागते (टब रिकामा, हात लगेच बाहेर), तर मोटर शाबूत आहे, तिला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर गेलाय. सेमीत बहुधा एकाच डबीत दोन असतात, वॉशला १० ते १२ मायक्रोफॅरड आणि ड्रायरला ४ ते ५. जुन्या डबीवर लिहिलंय तेवढाच घ्या, ४४० व्होल्टचा. जास्तीचा घातला तर मोटर तापते. आणि काही बदलण्याआधी संध्याकाळचं व्होल्टेज मोजा. २३० च्या जागी १८० आलं तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, साठ टक्क्यांवर येतो. गावाकडे रात्री पंप सुरू झाले की भरलेला टब अडतो तो यामुळे. त्या वेळी निम्मे कपडे काढा.

बेल्ट अंगठ्याने दाबला की सेंटिमीटरभर आत जावा. नंबर बेल्टवरच छापलेला असतो, पुसला असेल तर तुकडा घेऊनच दुकानात जा.

ॲजिटेटरच्या मशीनला बेल्ट नाही. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यात प्लास्टिक-रबर-प्लास्टिक अशी तीन तुकड्यांची जोडणी असते, आणि ती मुद्दामच कच्ची ठेवलेली. जास्त भरलं तर ती तुटते, गिअरबॉक्स वाचतो. लक्षण अगदी स्पष्ट: मोटरचा आवाज येतो, पाणी बाहेर पडतं, पण खांब हलत नाही आणि टब फिरत नाही. पाणी पडतं कारण पंप मोटरच्या दुसऱ्या टोकाला लावलेला आहे. दुसरं झिजणारं म्हणजे खांबाच्या आतले चार दातेरी तुकडे. खांबाचा वरचा मळसूत्री भाग हाताने फिरवा. एकाच दिशेने फिरायला हवा, दोन्हीकडे सुटा फिरत असेल तर तुकडे गेले. रचना सुंदर आहे, यात वाद नाही. पण किर्लोस्करवाडी १९१० पासून ज्या जिल्ह्यात आहे तिथे पंप समजणाऱ्या माणसांची वानवा नसूनही ही जोडणी सांगलीत कुठे मिळाली नाही, पार्सलने मागवावी लागली. भाग गावात मिळत नसेल तर चांगली रचना नुसती बघायची.

बोर्डवाल्याला फार जागा देत नाही. धुतं बरं. पण त्याला आत येणाऱ्या पाण्याला दाब लागतो, निदान ०.३ बार, म्हणजे टाकीचा तळ नळापेक्षा तीन मीटर उंच. एकमजली घराच्या गच्चीवर टाकी असेल तर टब भरायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. नळाच्या तोंडाची बारीक जाळी बोअरच्या चुन्याने दर दीड महिन्याला बुजते, ती टूथब्रशने साफ करा. पाणी भरतच राहिलं तर व्हॉल्व बदलण्याआधी टबाच्या तळापासून वर प्रेशर स्विचपर्यंत गेलेली बारीक नळी बघा. स्विचच्या तोंडाशी हलकी फुंकर मारा, टिक असा आवाज आला तर स्विच ठीक, नळी फाटली आहे.

चुन्यासाठी तिन्हींना एकच औषध. महिन्यातून एकदा कोमट पाणी भरून १५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, दहा मिनिटं फिरवा, तासभर ठेवा, सोडा, साध्या पाण्याने एक फेरी. त्या दिवशी ब्लीच किंवा ब्लीचची कुठलीही पावडर जवळ आणू नका, विषारी क्लोरीन सुटतो. एरवीच्या धुण्यात पावडरीआधी दोन चमचे धुण्याचा सोडा टाकला की फेस येतो आणि पावडर वाचते. साताऱ्यात कासच्या पाण्यावर धुणाऱ्यांनी सोड्याच्या भानगडीत पडू नये. मऊ पाण्यात तो विसळताना निघत नाही, कपडे चिकट लागतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुरात बुडालेली मशीन अजूनही जुन्या बाजारात फिरतात. बुडालेलं सेमी घ्यायला हरकत नाही. मोटर काढून उन्हात वाळवून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासलेली, बेअरिंग नवे, टायमर धुऊन वाळवलेला असेल तर ते वर्षानुवर्षं चालतं, कारण त्यात बिघडायला बोर्डच नाही. बुडालेलं बोर्डवालं फुकट दिलं तरी नको. पूर ओळखायचा तर मागच्या पॅनेलच्या आतून, वायरींच्या जुडग्यात बोट घाला. बाहेरून कितीही पुसलं तरी तिथली करडी पूड निघालेली नसते.

जुनं सेमी बघायला जाताना खिशात चिकटपट्टी ठेवा. टब भरायला सांगा, पाण्याच्या रेषेवर पट्टी लावा आणि तोवर ड्रायरचा ब्रेक, सील, बेल्ट बघून घ्या. विकणारा तासभर थांबायला तयार नसेल तर दोनशे रुपये कमी सांगा. रबर साठचं, वायर ढिली करायला काही लागत नाही, आणि उरलेल्या एकशे चाळिसात कपॅसिटर येतो.